नऊ युरोत जोड परवडेल का? कोल्हापुरी चपलांच्या पहिल्या निर्यातीबद्दल

प्रश्न थोडक्यात असा आहे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका गावात चार घरं मिळून हाताने कोल्हापुरी चपला करतात. घरातली एक मुलगी बी.कॉम. झाली आहे, ती फोटो टाकते, इंग्रजीत पत्रव्यवहार करते. नेदरलँड्समध्ये दोन दुकानं असलेल्या एका बाईंनी तिच्याकडे दोनशे जोड मागितले आहेत. भाव जोडाला ९ युरो, पैसे माल पोचल्यावर साठ दिवसांनी. इथला दुकानदार जोडाला ७०० रुपये देतो, त्यामुळे घरचे खूश आहेत. एक सल्लागार ‘एक्स्पोर्ट पॅकेज’ म्हणून दीड लाख मागतो आहे. तिने विचारलंय, हे पैसे द्यावेत का, आणि सुरुवात कुठून करावी?

ताई, दीड लाख देऊ नका. नऊ युरोलाही अजून हो म्हणू नका. पण बाईंना नकारही कळवू नका, आठ दिवस मागून घ्या. त्या आठ दिवसांत काय करायचं ते सांगतो.

मी तेवीस वर्षं सांगली, कोल्हापूर, इचलकरंजी या पट्ट्यातल्या लहान उत्पादकांचा माल परदेशी पाठवायला मदत करतोय. बेदाणा, हळद, गूळ, पॉवरलूमचं कापड, फौंड्रीतले सुटे भाग आणि चपला. एवढ्या वर्षांत परवान्यावाचून कुणाची निर्यात अडलेली मी पाहिली नाही. गिऱ्हाइकावाचून अडलेलीही फार थोडी. बहुतेकांचं अडतं ते पहिल्या ऑर्डरनंतर. नमुन्याचे दोन जोड घरातल्या सगळ्यात तयार हाताने केलेले असतात, आणि पुढचे दोनशे जोड चौदा हातांनी. तिकडे पेटी उघडली की ते चौदा हात वेगवेगळे दिसतात. पैसे कसेबसे मिळतात, दुसरी ऑर्डर येत नाही, आणि घरचे म्हणतात, ‘एक्स्पोर्ट आपलं काम नव्हे.’ म्हणून मी कागदांवर थोडं आणि तुमच्या पडवीतल्या कामावर जास्त बोलणार आहे.

कागद उरकून टाकू. आयात-निर्यात कोड, म्हणजे आयईसी, विदेश व्यापार महासंचालनालयाच्या संकेतस्थळावर स्वतः काढता येतो. सरकारी फी ५०० रुपये. दरवर्षी एप्रिल ते जून या काळात तो ऑनलाइन पुन्हा पक्का करावा लागतो, माहितीत काही बदल नसला तरी. विसरलात तर तो बंद पडतो, आणि हे बहुधा माल विमानतळावर जाऊन पडल्यावरच कळतं. बँकेकडून एडी कोडचं, म्हणजे परकीय चलनाचे व्यवहार करणाऱ्या बँकेच्या क्रमांकाचं, पत्र घ्या. ज्या विमानतळावरून किंवा बंदरातून माल जाणार, तिथल्यासाठी तो सीमाशुल्काच्या आइसगेट प्रणालीत नोंदवायचा असतो. जीएसटी नोंदणीवर एलयूटी नावाचं हमीपत्र भरा, म्हणजे आयजीएसटी न भरता माल पाठवता येईल. ही एलयूटी दर आर्थिक वर्षाला नवी लागते. चर्म निर्यात परिषदेचं सदस्यत्व सरकारी लाभ घ्यायचे ठरतील तेव्हा घ्या, या दोनशे जोडांसाठी त्याची घाई नाही. तालुक्याच्या ठिकाणचा एखादा चांगला सीए हे सगळं काही हजारांत करून देतो. दीड लाखांचं यात काहीही नाही.

कागदांतली एकच गोष्ट जरा थांबून सांगतो. जगभरच्या सीमाशुल्कात प्रत्येक मालाला सहा आकडी एचएस कोड असतो. त्यातल्या ६४०३२० या कोडची व्याख्या अशी आहे: तळ चामड्याचा, आणि वरचा भाग म्हणजे पावलावरून आडवे जाणारे व अंगठ्याभोवती फिरणारे चामड्याचे पट्टे. वाचताना डोळ्यांपुढे आपलं पायताणच येतं. तरी मुंबईतले काही एजंट सवयीने ‘लेदर सँडल’ म्हणून दुसराच कोड टाकतात, आणि तिकडे चुकीचं शुल्क लागू शकतं. बिलावर हा कोड तुम्ही स्वतः लिहा. बाईंनाही तोच कळवा, म्हणजे युरोपीय संघाच्या ॲक्सेस-टू-मार्केट्स या मोफत पोर्टलवर त्यांना आजचं शुल्क पाहता येईल.

आता हिशेब. तुम्ही लिहिलंय की कातडं, वादी, रंग, तेल मिळून जोडाला ४२० रुपये, कापणी आणि शिलाईची मजुरी २२०. झाले ६४०. सातशेला विकला की साठ सुटले. मी तुमचा हा हिशेब तीनदा वाचला. त्यात वेणी कुठे आहे?

पट्ट्यावरची वेणी आई आणि काकू घालतात असं तुमच्याच पत्रात आहे. एका जोडाला दीड तास. शेळीच्या कातड्याच्या सुतळीएवढ्या बारीक पट्ट्या कापायच्या, ओल्या करायच्या, खेचून एकसारख्या गुंफायच्या. नेदरलँड्सच्या बाईंनी फोटो पाहून पत्र लिहिलं ते त्या वेणीमुळेच. आणि हिशेबात तिची किंमत शून्य. हे फक्त तुमच्या घरी नाही. बेदाण्याच्या शेडवर निवड करणाऱ्या बायका असोत की पापडाचे गट असोत, घरच्या बाईचं काम खर्चात धरायचंच नाही ही रीत मी सगळीकडे पाहिली. इथल्या बाजारात ते लपून राहतं. निर्यातीत ते लपत नाही, कारण दोनशे जोडांच्या वेण्या म्हणजे तीनशे तास आहेत, आणि ते तीनशे तास स्वयंपाक-पाण्यातून काढता येत नाहीत. तासाला ७० रुपये धरा. जोडामागे १०५. तुमचा जोड ६४० ला पडत नाही, ७४५ ला पडतो. म्हणजे इथल्या दुकानदारालाही तुम्ही तोट्यातच देताय.

पुढे चला. शंभरातले दहा जोड तरी बाहेर पाठवण्याजोगे निघणार नाहीत. ते इथे कमी भावात जातील, त्याचे जोडामागे ५० धरा. कापडी पिशवी, खोका, लेबल, माहितीची चिठ्ठी यांचे ६५. प्रयोगशाळेतली तपासणी मी २२,००० धरतोय, दोनशे जोडांवर वाटली तर ११०. गाव ते मुंबई विमानतळ, क्लिअरिंग एजंट, बँकेचे आकार मिळून १८,०००, म्हणजे जोडामागे ९०. बेरीज १,०६० झाली. युरो शंभर रुपये धरला तर नऊ युरोला तुमचे जोडामागे १६० रुपये जातात, दोनशे जोडांना ३२,०००. घरचे ज्या भावावर खूश आहेत तो हा भाव. माझे आकडे अंदाजाचे आहेत, तुमची कोटेशनं हातात आली की बदला. मात्र एकही रकाना कोरा ठेवू नका.

मग किती मागायचे? याचं उत्तर बाईंच्या दुकानातून उलटं काढत यायचं. त्यांच्या संकेतस्थळावर चांगल्या चामडी सँडल कितीला आहेत ते पाहा. समजा ५९ युरोला आहेत. नेदरलँड्समध्ये त्यावर २१ टक्के मूल्यवर्धित कर आहे, तो किमतीतच धरलेला असतो. ५९ भागिले १.२१ म्हणजे ४८.७६. भाडं, पगार, हंगामाअखेर पडून राहणारा माल हे सगळं धरून असा दुकानदार आपल्याला पडलेल्या किमतीवर साधारण सव्वादोन ते अडीच पट लावतो. २.४ ने भागलं की २०.३ युरो. त्यातून विमानभाडं, शुल्क आणि तिकडचं क्लिअरिंग मिळून साडेचार युरो वजा करा. पंधरा-सोळा युरोपर्यंत बाईंना परवडतं. तुम्ही साडेतेरा मागा, आणि हिशेब मांडून मागा. नऊ युरो हा त्यांनी टाकलेला पहिला आकडा आहे. त्यात लबाडी असेलच असं नाही. त्यांना वेणीचे दीड तास कुणी सांगितलेलेच नाहीत.

भाव युरोत द्या, तीस दिवस लागू असं लिहा, आणि शर्त ‘एफसीए मुंबई विमानतळ’ अशी घाला, म्हणजे विमानतळावर माल बाईंच्या वाहतूकदाराच्या ताब्यात दिला की पुढचा खर्च आणि जोखीम त्यांची. बरेच जण सवयीने एफओबी लिहितात. ती शर्त जहाजाने जाणाऱ्या मालासाठी आहे, विमानाच्या मालाला लागू पडत नाही. भांडण झालं की असा एक शब्द महागात जातो. निर्यातीवर सरकारकडून परत मिळणारे पैसे, म्हणजे ड्यूटी ड्रॉबॅक आणि रोडटेप, या भावात धरू नका. मिळाले तर आनंद, पण त्यांचे दर सरकार बदलत असतं.

दोनशे जोड विमानानेच पाठवा. समुद्रमार्गे एवढ्या थोड्या मालाला किमान आकार लागतो, तिकडच्या बंदरातले खर्च वेगळे, आणि २०२३ च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे बरीच जहाजं आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली, त्यात दहा-पंधरा दिवस जास्त मोडतात. विमानात मात्र खोक्याचा आकार सांभाळा. तिथे खरं वजन आणि आकारमानाचं वजन यांतलं जे जास्त असेल त्याचे पैसे घेतात. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि विमानाच्या मालाला ६०००ने, कुरिअरला ५०००ने भागायचं. बाजारात मिळणारा बुटाचा खोका ३३ बाय २० बाय १२ चा असतो. त्यात दोनशे जोड भरले तर आकारमानाचं वजन २६४ किलो भरतं. चपला एकमेकींत उलटसुलट बसवून कापडी पिशवीत घातल्या तर जोड ३० बाय १३ बाय ८ मध्ये बसतो, आणि तेच वजन १०४ किलोवर येतं. खरं वजन जोडामागे पाऊण किलो, म्हणजे दीडशे किलो. त्या दीडशेचेच पैसे भरायचे. शंभरावर किलोंचं भाडं नुसत्या खोक्यात वाचलं. चपलेचे कान, म्हणजे बाजूचे पातळ पंख, दबू नयेत म्हणून मध्ये एक जाड कागद घाला.

आता मापं, म्हणजे ज्यावर दुसरी ऑर्डर ठरते ती गोष्ट. आपल्याकडे फर्म्यावर, म्हणजे पायाच्या आकाराच्या ठोकळ्यावर, न चढवता, साच्यावरून तळ आखून, नजरेने आणि हाताने जोड होतो. तीन-चार मिलिमीटरचा फरक कोल्हापूरच्या चप्पल लाइनीत कुणाला कळतही नाही, कारण गिऱ्हाईक समोर पाय घालून बघतं, दुकानदार पट्टा जरा ताणून देतो. युरोपचा एक आकडा म्हणजे दोन तृतीयांश सेंटिमीटर, ६.६७ मिलिमीटर. चार मिलिमीटर चुकले की ४० नंबर निम्म्याहून जास्त ४१ होतो. शिवाय आपण जो ब्रिटिश नंबर वापरतो त्याची पायरी एक तृतीयांश इंच, म्हणजे साडेआठ मिलिमीटरच्या आसपास आहे. त्यामुळे ‘सात म्हणजे चाळीस’ असे तक्ते इंटरनेटवरून उतरवून घेऊ नका. बाईंकडून त्यांच्या प्रत्येक नंबरची तळाची लांबी आणि रुंदी मिलिमीटरमध्ये मागवा.

ती मापं आली की पुठ्ठ्याचे साचे बाजूला ठेवा. पुठ्ठ्याची कड महिनाभरात झिजते, आणि चार घरांत चार पुठ्ठे चार प्रकारे झिजतात. गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत लेझरवर दीड-दोन मिलिमीटर पत्र्यातून साचे कापून मिळतात. प्रत्येक नंबरचे चार, घराला एक. त्या साच्यात अंगठ्याच्या पट्ट्याचं भोक आणि दोन्ही कानांच्या खाचाही पाडून घ्या. नुसती लांबी सारखी असून भागत नाही, अंगठा तीन मिलिमीटर आत बसला की पाय तिरका पडतो. आणि मापणारा माणूस एकच ठेवा. ते काम तुम्हीच करा. प्रत्येक जोडाच्या तळाला आतून पेन्सिलीने घराची खूण करा, म्हणजे चूक कुठून येते ते कळेल. ही खूण कुणाला बोल लावण्यासाठी नाही हे काकांना आधीच समजावून सांगा. नाहीतर घरात वाद होतात, आणि वादात कामाची शिस्त मोडते. मी दोन गट असे फुटताना पाहिलेत.

नवी कोल्हापुरी चावते हे इथे लहान पोरालाही माहीत असतं. तेल चोळायचं, पहिले चार दिवस तासभरच घालायची, मग ती पायाची होते. तिकडे हे कुणाला ठाऊक नाही. पहिल्या दिवशी फोड आला की चप्पल दुकानात परत येते. प्रत्येक जोडात बोटभर चिठ्ठी घाला, इंग्रजी आणि डच दोन्हींत, डच मजकूर बाईंकडूनच घ्या. ओली झाली तर सावलीत वाळवा, हीटरवर ठेवू नका, हेही त्यात लिहा. आमच्या एका गटाचं परत येणारं प्रमाण अशा चिठ्ठीनंतर लक्षात येण्याएवढं खाली आलं.

पुढचा भाग लिहिताना मला अजूनही जड जातं. २०११ च्या जुलैत आम्ही एका कारागिराचे ३६० जोड जहाजाने युरोपला पाठवले. पावसाळा होता, कातडं पुरतं वाळलेलं नव्हतं, तारीख जवळ आली होती. बुरशी येऊ नये म्हणून बाजारातून पांढऱ्या पुड्या आणून प्रत्येक खोक्यात घालायला मीच सांगितलं. पुड्यांवर आत काय आहे ते लिहिलेलं नव्हतं. तिकडे गिऱ्हाइकाने त्या प्रयोगशाळेत दिल्या, आणि त्यांत डायमिथाइल फ्युमरेट निघालं. त्वचेला भाजल्यासारखे चट्टे उठवणारं हे रसायन. युरोपीय संघाने २००९ पासून त्यावर बंदी घातली आहे, मर्यादा किलोला ०.१ मिलिग्रॅम. माल तिथेच नष्ट करावा लागला. परत आणायचा खर्च मालापेक्षा जास्त होता. त्या माणसाने पुढे दोन वर्षं कर्ज फेडलं. तेव्हापासून पुडीवर काय लिहिलंय ते वाचल्याशिवाय मी कुणाच्या खोक्यात पुडी जाऊ देत नाही. सिलिका जेल चालतं, तेही पुरवठादाराकडून ‘डायमिथाइल फ्युमरेट नाही’ असं लेखी घेऊन.

रसायनांचं बाकी असं आहे. बाभळीची साल आणि हिरडा घालून कमावलेल्या कातड्यात क्रोमियम नसतं, हे आपल्या चपलेचं बलस्थान आहे. पण तळ म्हशीच्या पारंपरिक कातड्याचा आणि वेणीचं शेळीचं कातडं मात्र बाजारातून आणलेलं, क्रोमने कमावलेलं, असं सर्रास असतं. पायाला लागणाऱ्या चामड्यात सहा संयुजेचं क्रोमियम किलोला ३ मिलिग्रॅमच्या वर असेल तर २०१५ पासून युरोपात ते विकता येत नाही. रंगांचंही तसंच. काही ॲझो रंगांतून निघणाऱ्या घातक अमाइन्सची मर्यादा किलोला ३० मिलिग्रॅम आहे. म्हणून या ऑर्डरसाठी लागणारी सगळी शेळी एकाच व्यापाऱ्याकडून, एकाच लॉटमधली घ्या, रंगाचे डबे एकाच बॅचचे घ्या, आणि त्या दोन्हींचे तुकडे तपासायला द्या. तयार चप्पल तपासून नापास झाली तर सगळं वाया जातं, कातडं नापास झालं तर फक्त कातडं बदलावं लागतं. चेन्नईची केंद्रीय चर्म संशोधन संस्था ही तपासणी करते, मुंबईत खासगी प्रयोगशाळाही आहेत. कुठल्या कसोट्या हव्यात ते बाईंकडून लेखी घ्या, आणि खर्च निम्मा वाटून घेता येईल का विचारा. बरेच ग्राहक तयार होतात.

लेबल सोपं आहे. युरोपात पादत्राणावर वरचा भाग, अस्तर आणि तळ कशाचा आहे ते चित्रखुणांनी दाखवावं लागतं. चामड्यासाठी सोललेल्या कातड्याच्या आकाराची खूण असते. जोडातल्या एका चपलेवर असली तरी पुरते. शिवाय डिसेंबर २०२४ पासून तिथे वस्तूंच्या सुरक्षिततेचा नवा नियम लागू आहे, त्याप्रमाणे युरोपातल्या कुणातरी जबाबदार व्यक्तीचं नाव-पत्ता मालाबरोबर लागतं. बाई स्वतः आयात करणार, म्हणून त्यांचं नाव येईल. उद्या तुम्ही इन्स्टाग्रामवरून थेट जर्मनीतल्या गिऱ्हाइकाला एकेक जोड पाठवायला लागलात, तर ही अट तुमच्या अंगावर येते. एकेक जोडाचा धंदा टपालाच्या डाकघर निर्यात केंद्रांमुळे सोपा झालाय, पण तिकडचे नियम सारखे बदलतायत. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलांची शुल्कमाफी काढून घेतली आणि आपल्या टपाल खात्याला तिकडची बहुतेक पार्सलं ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत थांबवावी लागली. म्हणून सुरुवात दुकानदारापासून करताय हे चांगलं आहे.

तारखेबद्दल बाईंनी ‘लवकरात लवकर’ एवढंच लिहिलंय. त्यांना विचारा, तुमच्या दुकानात उन्हाळी सँडल कधी मांडता? उत्तर बहुधा मार्च येईल. हे आपल्या हवामानाशी छान जुळतं. दिवाळीनंतर ऊन कोरडं असतं, कातडं नीट वाळतं. नोव्हेंबर ते जानेवारीत माल करा, फेब्रुवारीच्या सुरुवातीला पाठवा. तिकडचे दुकानदार पुढच्या उन्हाळ्याची खरेदी आदल्या जून ते सप्टेंबरात ठरवतात, म्हणजे बोलणी पावसाळ्यात आणि काम हिवाळ्यात. जून ते सप्टेंबर या काळात माल पाठवायची तारीख कुणालाही देऊ नका, कितीही मोठी ऑर्डर असो.

पैसे. साठ दिवसांची उधारी पहिल्याच व्यवहारात द्यायची नाही. सरळ लिहा: निम्मे आगाऊ, निम्मे माल तयार झाल्यावर, पाठवण्याआधी. त्यांचा विश्वास बसावा म्हणून पॅकिंगआधी प्रत्येक नंबरचे जोड पट्टीवर ठेवून व्हिडिओ करून पाठवा. ‘कागद पाहून पैसे देतो’ असं कुणी म्हणालं तर लक्षात ठेवा, जहाजाचं बिल ऑफ लेडिंग हा मालकीचा कागद असतो, विमानाचं एअरवे बिल तसं नसतं. ज्याचं नाव त्यावर आहे तो मूळ कागदाशिवायही माल उचलू शकतो. चार-पाच व्यवहार नीट झाले की उधारीचा विचार करा, तोही ईसीजीसी या निर्यात पतविमा कंपनीचा विमा घेऊन. केंद्र सरकारची ही कंपनी १९५७ पासून आहे, मुख्यालय मुंबईत. ती परदेशी गिऱ्हाइकाची पत तपासते आणि त्याने पैसे बुडवले तर भरपाईचा मोठा वाटा देते.

बाई खऱ्या आहेत का, हे अर्ध्या तासात कळतं. त्यांचा व्हॅट, म्हणजे मूल्यवर्धित कराचा, क्रमांक मागा आणि युरोपीय संघाच्या व्हीआयईएस (VIES) या संकेतस्थळावर टाकून बघा. नेदरलँड्समधल्या प्रत्येक धंद्याला आठ आकडी केव्हीके क्रमांक, म्हणजे तिथल्या व्यापार नोंदणीचा क्रमांक, असतो, तोही मागा. खरा दुकानदार या विचारण्याने रागावत नाही. ‘वीस जोड फुकट नमुना पाठवा’ किंवा ‘आमच्याकडे पुरवठादार म्हणून नोंदणी फी भरा’ असं लिहिणाऱ्यांना उत्तरही देऊ नका. आणि व्यवहार चालू असताना कुणाचंही ‘आमचं बँक खातं बदललंय’ असं ईमेल इकडून तिकडे किंवा तिकडून इकडे गेलं, तर फोन करून आवाज ऐकल्याशिवाय त्यावर विश्वास ठेवायचा नाही, हे दोघींनी पहिल्याच पत्रात ठरवून टाका.

जून २०२५ मध्ये प्राडाने मिलानच्या शोमध्ये आपल्यासारख्या चपला दाखवल्या, आधी नाव घेतलं नाही, ओरड झाल्यावर कोल्हापुरीवरून प्रेरणा घेतल्याचं मान्य केलं. तेव्हापासून तुमच्यासारख्या घरांना बाहेरून पत्रं वाढलीत. या नावाचं मोल ओळखा. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर हे आठ जिल्हे मिळून. महाराष्ट्रातर्फे ते संत रोहिदास चर्मोद्योग महामंडळाकडे, म्हणजे लिडकॉमकडे आहे. तुमचं गाव त्या हद्दीत आहे, तेव्हा अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करून घ्या. मात्र ही नोंदणी भारतातली आहे, तिच्या जोरावर नेदरलँड्समध्ये कुणाला नाव वापरण्यापासून आपोआप थांबवता येत नाही. तुमच्या हातात आहे ते एवढंच, की चिठ्ठीवर आणि लेबलवर ‘कोल्हापुरी’ हा शब्द आणि तुमच्या गावाचं नाव आलं पाहिजे, ही अट ऑर्डरमध्ये लिहून घ्यायची. बाईंचा ब्रँड वर असू दे, गाव खाली असू दे, पण असू दे.

मदत कुणाची घ्यावी? विदेश व्यापार महासंचालनालयाची ‘निर्यात बंधू’ योजना नवख्यांना मार्गदर्शन करायला आहे, पुण्याच्या कार्यालयात विचारा. जिल्हा उद्योग केंद्रात एकदा जाऊन या. जिनिव्हाच्या इंटरनॅशनल ट्रेड सेंटरचं ट्रेड मॅप कुठला देश कुणाकडून काय घेतो ते दाखवतं. नेदरलँड्स सरकारची सीबीआय ही संस्था तर खास आपल्यासारख्या देशांतल्या लहान उत्पादकांना युरोपची बाजारपेठ समजावी म्हणून १९७१ पासून आहे. तिचे अहवाल मोफत आहेत, इंग्रजी सोपं आहे, तुम्हाला सहज जमेल. हॉटेलातल्या दोन दिवसांच्या प्रशिक्षणांबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही. तिथे प्रमाणपत्र मिळतं, जेवण मिळतं, आणि ज्याला चपलेचा तळ हातात घेऊन बघता येत नाही असा माणूस पॉवरपॉइंट दाखवतो. तुमच्या पडवीत तीन दिवस पट्टी घेऊन बसेल असा कुणी मिळाला, तर त्याला जरूर पैसे द्या.

तर या आठ दिवसांत एवढं करा. आयईसीचा अर्ज भरा, बाईंकडून मिलिमीटरमधली मापं, व्हॅट क्रमांक आणि दुकानात माल मांडायचा महिना मागवा. घरात आत्ता तयार असलेले वीस जोड घ्या, डावी-उजवी वेगवेगळी मोजा आणि वहीत लिहा. आणि आई-काकू वेणी घालायला बसतील तेव्हा शेजारी घड्याळ ठेवा. तुम्ही दीड तास लिहिलाय. पट्ट्या कापणं आणि ओल्या करणं धरलं तर मला वाटतं तो दोन निघेल, आणि मग साडेतेरा युरोचा आकडा पुन्हा करावा लागेल. वीस जोडांची मापं आणि तो वेळ मला कळवा, पुढचं पत्र त्यावर लिहू.